घंटा ऐकायला ठेवलेला माणूस

मामा, त्या पुठ्ठ्यावरचं अक्षर माझं आहे. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना हात अडणार नाही.

तुला हे सांगायची गरज नाही, पण वाचणाऱ्यांना माहीत नसेल. कारंज्याच्या ज्या जिनमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, तू कापसाच्या हंगामात फिटरच्या हाताखाली काम करायचास, तिथं यंत्रं थांबवायच्या मोठ्या दांड्याच्या वर भिंतीला एक पुठ्ठा लावलेला होता. घंटा वाजली तर कोणी काय करायचं, हे त्यावर चार ओळींत लिहिलं होतं. तू गेलास त्या दिवशी घंटा वाजली, पुन्हा वाजली, आणि पुठ्ठ्यावर लिहिल्याप्रमाणे सगळे जागच्या जागी बसून राहिले. मग जिनच्या ऑफिसात म्हणू लागले, पुठ्ठा सुदामने लावला, नियम सुदामने काढला, सुदाम आपल्याच शहाणपणाने मेला. आपल्या गावातही तेच चाललं होतं. मानोऱ्याच्या बाजारात मी ते माझ्या कानांनी ऐकलं. दोन माणसं बोलत होती, आणि मी त्यांच्या शेजारी उभा राहून भाजी निवडत होतो.

मी काही बोललो नाही. तुला त्याचं नवल वाटणार नाही.

मला हॉस्टेलवर पोहोचवायला तू आला होतास. माझी ट्रंक तू खांद्यावर घेतली आणि मला घेऊ दिली नाहीस. कॉलेज पाहिल्यावर तू म्हणालास, "तुहा तो कॉम्प्युटर दाखव मले." कॉम्प्युटरच्या खोलीत कोणालाच जाऊ देत नाहीत. विद्यार्थ्यांनी खिडकीतून कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी छापलेला कागद घ्यायचा. पण दाराला काच होती. तू काचेला नाक लावून बराच वेळ पाहत राहिलास.

"आत काय टाकते?"

"कार्डं, मामा. भोकं पाडलेली."

"अन् निघते काय?"

"कागद. छापलेला."

"म्हंजे जिनच हाये," तू म्हणालास. "आत कापूस, बाहेर रुई. सरकी कुठी जाते?"

दाराजवळचा पहारेकरी हसला. मला लाज वाटली होती, मामा. तुझी नाही, पण तुझ्या धोतराची, तुझ्या मोठ्या आवाजाची, आणि आपण दोघं तिथं कसे दिसत असू त्याची. हे मी कधी बोललो नाही. तू ते ओळखलं असणार, कारण जाताना तू एवढंच म्हणालास, "पुढच्या बाकावर बसत जाय. अन् समजलं नाही तं हात वर करत जाय. कोणी खात नाही." मी पुढच्या बाकावर बसलो. हात मात्र तीन वर्षांत एकदाही वर केला नाही.

घंटेची गोष्ट त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली. त्या हंगामात जिनमध्ये कापूस भरणाऱ्या कासाबाईच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. ज्यांनी जिन पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. लांब हॉलमध्ये दोन्ही बाजूंना यंत्रांच्या रांगा असतात, प्रत्येक यंत्रावर एक बाई बसून कापूस भरते, आणि छताजवळून एक लोखंडी शाफ्ट फिरत असतो. त्याच्यावरून पट्टे खाली येतात आणि सगळी यंत्रं फिरवतात. शाफ्ट थांबवायचा दांडा हॉलमध्ये एकच. हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी आहे, ती ओढली की घंटा वाजते. एक ठोका म्हणजे पाणी प्यायची सुट्टी, दोन म्हणजे कुठंतरी सरकी तुंबली, तीन म्हणजे सगळं थांबवा. पण रुईच्या धुरळ्यात आणि त्या खडखडाटात ठोके मोजायला कोणाला सवड? घंटा वाजली की जो जवळ असेल तो उठून धावायचा. त्या दिवशी दोन ठोके पडले. एकाने धावत जाऊन दांडा ओढला, शाफ्ट थांबला. कासाबाईने रुळात अडकलेली सरकी काढायला हात घातला. तेवढ्यात दुसरा धावत आला. त्याला वाटलं, दांडा अजून कोणी हलवलेला नाही. त्याने तो हलवला, आणि शाफ्ट पुन्हा फिरू लागला.

उन्हाळ्यात जिन बंद असताना तू गावी होतास. अंगणात बाज विणत बसला होतास आणि मी दोरीचा पीळ धरून समोर. तू एकदम विचारलंस, "तुह्या कॉम्प्युटरात घंटा असते काय रे?"

मी हो म्हणालो. मला किती आनंद झाला होता ते तुला कसं सांगू. माझ्या शिकण्यातलं काहीतरी कोणीतरी पहिल्यांदाच मागत होतं.

सरांनी जसं शिकवलं होतं तसं मी सांगत गेलो. एका प्रोग्रामच्या पोटात एकाच वेळी चार-पाच कामं पुढं सरकत असतात. एक आकडे वाचतं, एक हिशेब करतं, एक छापतं, आणि सामानाची खोली सगळ्यांची एकच. अशात बाहेरून इशारा येतो. कोणी बटण दाबलं, कार्ड अडकलं, भागाकारात खाली शून्य आलं. इशारा येतो तो साऱ्या प्रोग्रामला. त्यातल्या कोणत्या कामाने हातातलं टाकून तो घ्यायचा हे आधी ठरवलं नसेल, तर जे सापडेल ते काम घेतं. ते बिचारं काहीतरी अर्धं लिहीत असतं, ते तसंच सोडून धावतं, आणि ते अर्धं लिहिलेलं दुसरं काम पुरं समजून उचलतं. कधी त्याहून वाईट होतं. सामानाच्या खोलीला कुलूप लावून काम चाललेलं असतं, किल्ली त्याच कामाच्या कमरेला असते. मध्येच इशारा येतो, आणि इशाऱ्यासाठी त्याच खोलीतली वस्तू लागते. मग ते काम त्या दारात उभं राहून किल्लीची वाट पाहत बसतं. कायमचं.

"किल्ली कंबरेले अन् उभा दारात," तू म्हणालास. "आमचा मुकादमच हाये तो."

मामी आतून हसली होती. आठवतं ना?

"मंग करते काय त्याले?" तू विचारलंस.

"बाकी सगळ्या कामांचे कान बंद करून टाकतात. इशारा आला तरी त्यांना पोहोचतच नाही. आणि एक काम वेगळं ठेवतात. त्याने फक्त इशाऱ्याची वाट पाहायची. दुसरं काही करायचं नाही."

दोरी खालून वर, वरून खाली जात राहिली. मग म्हणालास, "लिहून दे मले हे. मोठ्या अक्षरात."

मी लिहून दिलं. शाळेच्या नकाशाच्या मागचा जाड पुठ्ठा होता, त्यावर काळ्या शाईने:

घंटा एकाच माणसाची.
बाकीच्यांनी हातातलं काम सोडू नये.
दांड्याला दुसऱ्या कोणी हात लावू नये.
घंटेच्या माणसाने दुसरं कोणतंही काम करू नये.

पुढच्या हंगामात तू तो लावलास. मुकादमाला तू कसं पटवलंस, मला ठाऊक नाही. दांड्याजवळ एक स्टूल ठेवलंस आणि त्यावर स्वतः बसलास. मी दिवाळीनंतर एकदा तुला भेटायला आलो तेव्हा हॉलच्या दारातून पाहिलं होतं. बायांना न उठण्याची सवय लागावी म्हणून तू मधूनच उगाच घंटा वाजवायचास. जी मान वर करील तिने साऱ्यांसाठी पाण्याची घागर भरून आणायची, असा तुझा दंड होता.

"घंटा वाजली तं तू कायले उठतं व कासाबाई? तुह्यासाठी वाजवली काय ते?"

"सवय हाये न बाप्पा. मले वाटलं, जळलं काही."

"जळलं तं मी हाये. तू जळाले लागशीन तेव्हा बी मी हाये. खाली मान घाल."

सगळ्या बाया हसत होत्या. कासाबाई आपल्या तीन बोटांच्या हाताने घागर घेऊन निघाली, जाताना तुला शिव्या देत. त्या अख्ख्या हंगामात हॉलमध्ये कोणालाही लागलं नाही. तू मला पत्रात लिहिलंस, "तुझं गणित चाललं." चौथी शिकलेल्या माणसाचं ते चार ओळींचं पत्र मी माझ्या वहीत ठेवलं, मित्रांना दाखवलं. एका मित्राने विचारलं, "सरांना सांगितलंस का?" मी नाही म्हणालो. सरांना काय सांगायचं? आमच्याकडे जिनमध्ये असं असं केलं म्हणून? वर्गात बरीच मुलं इंग्रजी शाळांतली होती. सर त्यांच्याशी इंग्रजीतच बोलायचे. माझ्या डोक्यात सगळं वाक्य तयार व्हायचं आणि घशात यायच्या आत तास संपायचा.

आता या जानेवारीचं लिहितो. ते लिहायचं नव्हतं.

मी चार दिवसांसाठी आलो होतो आणि परत जाताना तू मला कारंज्याच्या स्टँडवर सोडायला आलास. जेवणाची सुट्टी होती तुझी. तुझ्या हाताला तेलाचा वास येत होता. मी विचारलं. तू म्हणालास, या हंगामात मुकादमाने तेलाचा डबाही तुझ्याकडे दिला आहे. शाफ्टच्या बेअरिंगमध्ये तेल घालायचं, शिडीवर चढून, शाफ्ट फिरत असतानाच.

"आणि घंटा?"

"घंटा बी माह्याकडेच. दोन्ही."

मी चिडलो. मला चिडता येतं ते फक्त तुझ्यावर. मी म्हणालो, चौथी ओळ तूच मोडलीस. त्या माणसाने दुसरं काही करायचं नाही, तरच त्याचा उपयोग. नाहीतर पुठ्ठा काढून टाक.

"तुह्या पुस्तकातल्या कामाले मुकादम नसते," तू म्हणालास. "मले हाये. दहा डाव येते अन् पाह्यते, सुदाम बसला हाये. त्याच्या डोळ्याले खुपते ते स्टूल. म्हणते, तुले देवळातल्या मूर्तीवानी बसवून ठेवलं काय."

"मग त्याला समजावून सांग."

"तूच सांग न. तू शिकेल हायेस. चाल, इथूनच दहा मिनिटं हाये."

मी एसटीकडे पाहिलं. गाडी लागलेली होती. मी म्हणालो, "गाडी जाईल."

तू हसलास. नेहमीसारखा टोमणा मारला नाहीस, तेच मला जास्त लागलं. मग तू एकदम, साधंच, कापसाचा भाव विचारावा तसं विचारलंस, "बरं, एक सांग. साऱ्याइचे कान बंद. एकाचेच उघडे. अन् तोच सापडला तं?"

"म्हणजे?"

"म्हंजे मीच पट्ट्यात सापडलो तं. घंटा कोण ऐकन?"

मामा, मला उत्तर येत नव्हतं. येत नाही असं म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "तसं होत नसतं." आणि पुढं, तुला गप्प करायला, "दोन माणसं ठेवली की पुन्हा तोच गोंधळ. एकाने ओढायचं, दुसऱ्याने ढकलायचं. कासाबाईचं विसरलास का?"

"नसते होत," तू म्हणालास. "अस्सं."

गाडी सुटली. तू खिडकीला हात लावून दोन पावलं चाललास आणि थांबलास. तुझ्या चेहऱ्यावर राग नव्हता. तू विचार करत होतास. माझ्या बोलण्याने तुझं समाधान झालेलं नव्हतं, आणि तरी तू माझ्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं होतंस, असं मला आता वाटतं. तेव्हा काहीच वाटलं नाही. मी वही उघडून वाचत बसलो.

तुझा प्रश्न मात्र डोक्यात राहिला. सरांना विचारायचं म्हणून मी दोनदा तास संपल्यावर थांबलो. पहिल्यांदा दोन मुलं त्यांच्याशी बोलत होती. मी दाराजवळ उभा राहिलो आणि त्यांचं संपायच्या आत निघून गेलो. दुसऱ्यांदा सरच मला म्हणाले, "काय रे, काही विचारायचंय?" मी म्हणालो, "नाही सर." मला वाटलं, ते विचारतील की हे तुला कशासाठी हवं. मग जिन आलं असतं, शिडी आली असती, तेलाचा डबा आला असता, तू आला असतास. होळीच्या सुट्टीपर्यंत विचारू, असं ठरवलं. होळीला अजून वेळ होता.

तार आली तेव्हा मी प्रॅक्टिकलला होतो.

त्या दिवशी काय झालं ते मला कासाबाईने सांगितलं. तिने सांगितलं तसंच लिहितो. रुईचा धुरळा नाकातोंडात जाऊ नये म्हणून सगळेच तोंडाला दुपट्टा बांधतात, तूही बांधला होतास. शिडीवर असताना त्याचं टोक सुटून फिरत्या शाफ्टात गुंतलं असावं. कासाबाई अगदी समोरच्या यंत्रावर होती. तिने पाहिलं आणि दोरी ओढली.

"तीन डाव ओढली. मंग पुन्हा तीन. साऱ्या बायाइनं ऐकलं रे. कोणीच हाललं नाही. मान खाली घालून कापूस भरून राह्यल्या होत्या. मलेबी एक घडी असंच वाटलं, आता सुदाम येईन. मी वरते त्याले पाहून राह्यली, अन् मनात म्हणून राह्यली, सुदाम काहून येऊन नाही राह्यला."

मग म्हणाली, "मंग मीच दांड्याकडे पयाली. दांडा माह्यानं हालेना. माह्या हाताले तीनच बोटं. बोंबलली, तवा दुसरी आली."

मी तिच्यासमोर बसलो होतो. तिला माहीत होतं पुठ्ठा कोणी लिहिला. तू तिलाच तेवढं सांगितलं होतंस, "माह्या भाशानं लिहून देल्लं." तिने फक्त विचारलं, "तू जेवला काय रे?"

तुला निरोप देऊन आम्ही परत आलो, आणि दोन दिवसांनी जिनच्या मॅनेजरने मामीला बोलावलं. सोबत मी गेलो, शिकलेला म्हणून. मुकादम होता, कासाबाई होती. टेबलावर तो पुठ्ठा ठेवला होता. मॅनेजरने तो उचलून पहिल्या तीन ओळी मोठ्याने वाचल्या आणि उलटा ठेवला. चौथी वाचली नाही. मग अगदी हळू आवाजात मामीला म्हणाला, "बाई, हे सारं सुदामने आपल्या मनाने सुरू केलं होतं. आम्ही त्याला कधी सांगितलं नाही. त्याचा आग्रह होता, म्हणून चालू दिलं. आता सरकारी इन्स्पेक्टर येतील, त्यांनाही हेच सांगावं लागेल." मामी म्हणाली, "त्याले एवढं कुठून सुचलं? तो तं चौथी शिकला." कासाबाईने माझ्याकडे पाहिलं. मी उलट्या पुठ्ठ्याकडे पाहत होतो. त्यावर मागच्या बाजूने नकाशाच्या नद्या दिसत होत्या.

बाहेर आल्यावर मामी मला म्हणाली, "तो काही येडा नव्हता रे. त्याले वाटलं असन काहीतरी. तुले माहीत हाये काय?"

मी म्हणालो, नाही.

मामा, इथं मी तीन दिवस थांबलो. पुढचं लिहिता येईना. तू मला भित्रा कधी म्हणाला नाहीस, पण "याच्या हाताले लकवा मारला काय" असं चारचौघांत म्हणायचास, आणि सगळे हसले की माझ्या पाठीवर थाप मारायचास. ती थाप मला फार हवीशी वाटायची. आता वाटतं, तू हसून सोडून द्यायचास तेच चुकत होतं. पण हे तुझ्यावर ढकलणं झालं. तेही नको.

रजेचा अर्ज द्यायला मी एक दिवस कॉलेजला गेलो. सर त्यांच्या खोलीत एकटेच होते. मी आत गेलो आणि मराठीतच विचारलं, "सर, इशारा ऐकायला ठेवलेलं कामच बंद पडलं तर काय करतात?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "चांगला प्रश्न आहे," ते म्हणाले. "त्याच्यावर एक घड्याळ लावायचं. ऐकणाऱ्याने ठरलेल्या वेळाने 'मी आहे' असं घड्याळाला कळवायचं. कळवलं की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून मोजतं. कळवलं नाही तर घड्याळ कोणाला काही विचारत बसत नाही, सगळं थांबवतं. आणि एखादा इशारा असा ठेवायचा की त्याला कोणालाच कान बंद करता येणार नाहीत."

दोन मिनिटं लागली. दोन मिनिटंही नाही. जिनमध्ये ते करायला काय लागलं असतं? तू एकेका बेअरिंगला तेल घालून झालं की खाली हाक द्यायची आणि कोणीतरी ती ऐकायची. हाक आली नाही तर दांडा. आणि तीन ठोक्यांना पुठ्ठा लागू नाही, एवढी एक ओळ. शाई होती, पुठ्ठ्यावर जागा होती.

"तुला हे कशासाठी हवं होतं?" सरांनी विचारलं.

"असंच," मी म्हणालो.

बाहेर येऊन मी पायऱ्यांवर बसलो. तू गेल्यानंतरही मी तुझं नाव घेतलं नाही. मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती. त्याच दुपारच्या गाडीने मी परत आलो, कारण दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर येणार होता.

चौकशी हॉलमध्येच झाली. यंत्रं बंद होती. सगळ्या बाया आपापल्या यंत्राजवळ उभ्या होत्या, मामी दाराशी. मॅनेजरने तेच सांगितलं, मुकादमाने तेच सांगितलं. "तो आपल्या मनानं चढला साहेब. मी म्हटलं बी होतं, शाफ्ट बंद करून तेल घाल." इन्स्पेक्टर लिहीत होता. त्याने पुठ्ठा हातात घेतला आणि विचारलं, "हे मयताचंच अक्षर?"

मी म्हणालो, "माझं आहे."

सगळे वळून पाहू लागले. मी सांगत गेलो, नीट सांगता आलं नाही, मागचं पुढं झालं. कॉलेजात काय शिकवलं ते सांगितलं, बाज विणताना तू काय विचारलंस ते सांगितलं. चौथी ओळ मी मोठ्याने वाचली. मग स्टँडवर तू विचारलेला प्रश्न सांगितला, आणि मी दिलेलं उत्तरही. इन्स्पेक्टरला त्यातलं बरंचसं नको होतं. तो म्हणाला, "मुद्द्याचं बोल." मी म्हणालो, मुद्दा एवढाच आहे की नियम माझा होता, त्यात खोट होती, ती माझ्या मामाने दाखवली होती, आणि मी त्याला गप्प केलं.

मग त्याने साऱ्या हॉलला विचारलं, "घंटेच्या माणसाने दुसरं काम करू नये असं इथं लिहिलंय. तर याला तेलाचा डबा दिला कोणी?"

एवढ्या बाया, एवढी माणसं. ज्याला विचारलं ते आपण नव्हेच, अशा सगळ्यांच्या माना खाली. मग कासाबाई आपल्या यंत्राजवळून पुढं आली.

"मुकादमानं देल्ला. साऱ्याइच्या समोर देल्ला," ती म्हणाली. "मी इथीच होती. अन् शाफ्ट बंद करू नको म्हणे, काम खोळंबते."

मुकादम म्हणाला, "खोटं बोलून राह्यली."

मागून दुसऱ्या एका बाईचा आवाज आला, "नाही बोलून राह्यली." मग तिसरीचा.

इन्स्पेक्टरने दोन्ही बाजू लिहून घेतल्या. निकाल काय लागेल, मला माहीत नाही. मुकादमाला काही होईल असं मला वाटत नाही. जिन दुसऱ्या दिवशी सुरू झालं, आणि दांड्याजवळचं स्टूल कोणीतरी आधीच काढून नेलं होतं. पण त्या कागदावर तुझ्या नावापुढं "स्वतःच्या हलगर्जीपणाने" असं जे आधी लिहिलं होतं, ते त्याने आमच्यादेखत खोडलं. तेवढं झालं, मामा. गावात जाऊन मी ते सांगितलं, बाजारातल्या त्या दोघांनाही शोधून सांगितलं.

जिनमधून स्टँडपर्यंत मामी माझ्यापुढं चालत होती. एरवी ती माझ्या शेजारी चालते, माझ्या हातातली पिशवी ओढून घेते. त्या दिवशी तिने वळून पाहिलं नाही. गाडीत आम्ही एकाच बाकावर बसलो. बरंच अंतर गेल्यावर ती खिडकीकडे पाहतच म्हणाली, "त्यानं इचारलं होतं तुले."

"हो."

"अन् तू म्हटलं, होत नसते."

"हो, मामी."

तिने पदराने तोंड पुसलं. रडत नव्हती. घरी आल्यावर तिने मला पाणी दिलं, भाकरी वाढली, माझं खाऊन होईपर्यंत समोर बसून राहिली. मग ताट उचलताना म्हणाली, "तू सांगतलं, ते बरं केलं. त्याच्या नावावरचं गेलं. पण आता काही दिवस माह्या घरी येऊ नको. मले तुह्या तोंडाकडे पाह्यवत नाही."

मी पिशवी घेतली आणि निघालो. तिने दार लोटलं नाही, उघडंच ठेवलं, पण बाहेर आली नाही.

मामा, मी कॉलेजला परत आलो आहे. ती बोलावील तोपर्यंत मी तुझ्या घरी जाणार नाही. तिने कधीच बोलावलं नाही, तरी ते मी समजून घेईन.